लाखेची पाठराखीण

आमच्या कारखान्यात भंगार साठत नाही, किस्से साठतात. तांब्याच्या तारेचे तुकडे एका ड्रममध्ये, सोल्डरची राख दुसऱ्यात, पुठ्ठे तिसऱ्यात, आणि ज्याचं त्याचं गिऱ्हाईक येऊन आपापला ड्रम घेऊन जातं. किश्श्यांना मात्र गिऱ्हाईक नाही. ते जेवणाच्या सुट्टीत बाहेर निघतात, दर वेळी थोडे फुगतात आणि परत जागच्या जागी जाऊन बसतात. म्हणून म्हटलं, हा ड्रम आपणच एकदा उपडा करावा.

आधी आमची ओळख करून देते. चंद्रपूरच्या एमआयडीसीत अगदी शेवटच्या गल्लीत आमचा कारखाना आहे. सोलर कंदिलाचे चार्जर बनवतो. मी चेकिंगला. मालक भास्करभाऊ, पूर्वी घुग्घुसला खाणीतल्या जळालेल्या मोटारींची तार पुन्हा गुंडाळून द्यायचे. कॉइलच्या लाइनवर सगळ्या बायका आहेत आणि त्यांच्यावर राज्य सुनंदाबाईंचं. त्या रोज बल्लारपूरहून येतात आणि आल्या आल्या आधी माझ्याच टेबलाची झाडाझडती घेतात.

बाहेरच्या लोकांना चंद्रपूर म्हटलं की ऊन, कोळसा आणि वाघ एवढंच आठवतं. यात आमचंही नाव घ्यावं, हे सांगायची एकही संधी मी सोडत नाही. आता तर सांगायला कारणही आहे.

झालं असं की पुण्याकडची कंदील बनवणारी एक मोठी कंपनी आम्हाला कायमची ऑर्डर द्यायला तयार झाली. अट एकच. चार्जरमधली प्रत्येक वस्तू कुठून आली, कशी आली, तिच्यापायी कुठल्या जंगलाचं, पाण्याचं, माणसाचं वाटोळं तर झालं नाही ना, हे दाखवायचं. दाखवता आलं तर कॉइल लाइनच्या सगळ्या बायका कायम. नाही आलं तर लाइन बंद. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, पण जेवणाच्या डब्याभोवती दुसरा विषय नव्हता.

* * *

आमच्या कॉइलवर लाख असते. हो, तीच, पळसाच्या फांद्यांवर किडे बनवतात ती. याची सुरुवात चहाच्या पातेल्यात झाली.

आधी कॉइलवर, करंट बाहेर फुटू नये म्हणून, द्यायचं व्हार्निश ड्रममधून यायचं. वास असा की संध्याकाळपर्यंत अर्ध्या लाइनचं डोकं धरायचं. भास्करभाऊंनी जुन्या काळच्या मोटारी उघडून पाहिलेल्या होत्या. ते म्हणाले, "पह्यले लोक लाखच लावत होते. आपल्या जंगलात लाख, अन् आपण हा वास विकत आणून राह्यलो."

मग एका रविवारी त्यांनी स्पिरिटमध्ये लाख विरघळवली. भांडं सापडेना, म्हणून कँटीनचं पातेलं घेतलं. प्रयोग फसला, पातेलं घासून जागेवर ठेवलं, आणि हे कुणाला सांगायचं राहून गेलं.

सोमवारी त्यात चहा झाला. रंग नेहमीपेक्षा भारी, वर एक चकाकी. सगळ्यांनी एकेक घोट घेतला आणि एकमेकांकडे पाहिलं. भास्करभाऊ धावत आले आणि त्यांनी काय झालं ते सांगितलं.

सुनंदाबाईंनी कप शांतपणे खाली ठेवला. "बरं झालं," त्या म्हणाल्या, "आता आपल्याले करंट लागन नाई."

पुढच्या प्रयोगांना स्वतःचं पातेलं मिळालं. काही महिन्यांनी लाखेची कॉइल माझ्या टेबलावर प्रत्येक चाचणीत पास झाली, आणि लाइनवरची डोकेदुखीची गोळी संपली ती पुन्हा आणावी लागली नाही. मी तो दिवस विसरणार नाही. दिवसभर मी उगाचच हसत होते.

* * *

लाख आणायची तर कुठून? गडचिरोली जिल्ह्यात धानोऱ्याच्या आतल्या बाजूला कोसमटोला नावाचं गाव आहे. तिथल्या बायकांचा गट लाख काढून, धुऊन, गाळून विकतो हे कळलं. मी आणि भास्करभाऊ पिकअप घेऊन निघालो.

गटाच्या अध्यक्ष रैनूबाई. साठीच्या पुढच्या, काटक, आवाज असा की आमच्या सायरनला सुट्टी द्यावी. आम्ही जोहार केला, बसलो. भास्करभाऊ म्हणाले, "बाई, तुमची सारी लाख आम्ही घेतो."

"सारी कशी घेता? झाडावर बी ठेवा लागते. नाई तर पुढच्या साली किडा काय तुमच्या कारखान्यातून आणू?"

ते ठरलं. भाव ठरला. आम्ही उठणार एवढ्यात त्यांनी विचारलं, "याचं बनवता काय?"

मी चार्जर काढून दाखवला. आतली कॉइल दाखवली. त्यांनी तो उलटापालटा करून पाहिला.

"अन् हे कोणाच्या घरी जाते?"

"कंपनीकडे जातं," मी म्हटलं. "तिथून कंदिलासोबत लोकांच्या घरी."

"कोणत्या लोकाच्या?"

मी भास्करभाऊंकडे पाहिलं. भास्करभाऊंनी पिकअपकडे पाहिलं. येताना रस्ताभर आम्ही लाख कुठून येते ते कसं विचारायचं याची तालीम केली होती. कुठे जाते हे आम्हाला कुणी विचारेल, असं वाटलंच नव्हतं.

"पता करून सांगजा," रैनूबाई म्हणाल्या आणि आम्हाला मोहाच्या फुलांची भाजी वाढली.

* * *

आता गोष्ट कथिलाची. सोल्डरमध्ये कथिल लागतं, आणि कंपनीची सगळ्यात कडक नजर त्याच्यावर, कारण जगात काही ठिकाणी ते माणसांना गुरासारखं राबवून काढतात. म्हणून मी आमच्या डीलरला फोन लावला.

"कथिल कुठून येतं हो तुमच्याकडे?"

"टेम्पोतून."

"टेम्पोत कुठून येतं?"

"गोदामातून."

"आणि गोदामात?"

मग ते दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "मॅडम, काही चुकलं का माझं? इतक्या वर्षांत असं कोणी विचारलं नाही."

फोन स्पीकरवर होता. भास्करभाऊंनी तो हातात घेतला, नम्रपणे निरोप घेतला आणि ठेवला. मग म्हणाले, "ज्याले आपल्या मालाचं गाव सांगता येत नाई, त्याले आपल्या घरात जागा नाई."

जुन्या सर्किटमधून कथिल परत काढणारा एक कारखाना आम्ही शोधला. ते महाग पडलं. त्या वर्षी कारखान्याला रंग लावायचा होता, तो लावला नाही. अजूनही आमची भिंत पोपडे आलेली आहे आणि पाहुण्यांना मी ती मुद्दाम दाखवते.

* * *

एक छोटा किस्सा. आमचा चार्जर स्क्रूचा आहे, चिकटवलेला नाही. जे उघडत नाही ते दुरुस्त होत नाही, हा भास्करभाऊंचा जुना हट्ट.

मोहर्लीचा एक सफारी गाइड बंद पडलेला चार्जर घेऊन आला. वानराने खिडकीतून पळवला आणि झाडावरून टाकला, असं त्याचं म्हणणं. सुनंदाबाईंनी स्क्रू काढले, सुटलेली तार जोडली, लावून दाखवला.

गाइडचा चेहरा पडला. त्याला नवा हवा होता. "बाई, वारंटीत नवा नाई भेटत का?"

"भेटते ना," सुनंदाबाई म्हणाल्या. "वानराले घेऊन या. त्याचा जबाब लिहून घेतो."

* * *

लाखेची पहिली खेप यायची होती, आणि ती येत नव्हती. फोन केला तर उत्तर एकच, पंडुम व्हायचा आहे. पंडुम म्हणजे नव्या पिकाची पूजा. ती झाल्याशिवाय जंगलातलं नवं काही कुणी तोडत नाही.

इकडे कंपनीला नमुना पाठवायची घाई. भास्करभाऊ म्हणाले, "मी सोता जातो, समजावतो. दोन फांद्या तोडल्यानं काय होते."

सकाळी तावातावाने गेले. दुसऱ्या दिवशी आले ते पिकअप रिकामी, कपाळाला टिळा आणि पाय लंगडत.

"काय झालं भाऊ? समजावलं का?"

"त्यायनंच समजावलं," ते खुर्चीत टेकत म्हणाले. "रात्रभर नाचवलं मले."

आम्ही कंपनीला कळवलं की नमुना उशिरा येईल, कारण पूजा व्हायची आहे. कारण जसंच्या तसं लिहिलं. मी लिहिलं, म्हणून मला माहीत आहे. थाप मारायची कुणालाच इच्छा नव्हती.

* * *

अखेर पहिलं पोतं आलं. पिकअपच्या मागे पोतं होतं आणि पोत्याला टेकून रैनूबाई.

आम्हाला वाटलं, बाजाराला आल्या असतील. त्या म्हणाल्या, "नाई. पह्यला माल एकटा जात नाई आमचा."

मग कळलं. फार पूर्वी एका व्यापाऱ्याने त्यांच्या लाखेत वाटेत माती मिसळली आणि दोष गावावर टाकला. तेव्हापासून गावाची रीत पडली. दर हंगामात पहिल्या पोत्यासोबत गावातलं कुणीतरी जातं. माल जिथे जातो तिथे उतरतं, जागा बघतं, त्या घरचं एक जेवण जेवतं, आणि सगळं ठीक वाटलं तर परत येतं.

सुनंदाबाईंना हे इतकं पटलं की त्यांनी लगेच नाव ठेवलं, लाखेची पाठराखीण. नव्या नवरीसोबत सासरी जाते तशी. लाइनवरच्या बायकांनी दुपारी आपल्या डब्यांतलं काढून त्यांचं ताट सजवलं. रैनूबाई जेवल्या आणि मग त्यांनी सासर तपासायला घेतलं.

आमच्या गोदामावर पत्रे आहेत आणि मे महिना होता. लाख उन्हाने मऊ होते, पोत्यातच तिचा गोळा बसतो. पत्र्याला हात लावून रैनूबाई म्हणाल्या, "पोर इथी नाई राहत."

अख्ख्या कारखान्यात एसी एकच, भास्करभाऊंच्या केबिनमध्ये. सुनंदाबाईंनी कुणाला न विचारता पोतं उचलायला लावलं. त्या उन्हाळ्यात लाख एसीत होती आणि मालक बाहेर पंख्याखाली. कुणी भेटायला आलं की भास्करभाऊ ओल्या रुमालाने मान पुसत सांगायचे, "आत पाहुणे आहेत."

* * *

यानंतरचा हंगाम आला, त्याचं पहिलं पोतं आलं आणि नेमकं त्याच आठवड्यात ऑडिट ठरलं. कंपनीकडून निनाद सर आले. तरुण, चष्मेवाले, बोलायला मऊ, पण प्रश्न धारदार. त्यांनी तांबं पाहिलं, कथिल पाहिलं, भंगाराचे ड्रम उघडून पाहिले. सुनंदाबाईंनी त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्या टेबलाची झाडाझडती घेतली नाही.

मग निनाद सर लाखेकडे वळले. केबिनमध्ये पोतं होतं आणि पोत्याशेजारी मांडी घालून रैनूबाई पान लावत होत्या.

"या कोण?"

"मालासोबत आल्या," भास्करभाऊ म्हणाले.

"म्हणजे ट्रान्सपोर्टच्या?"

"पाठराखीण," सुनंदाबाई म्हणाल्या.

निनाद सरांनी लॅपटॉपवर शोधलं. तिथे पाठराखणीचा रकाना नव्हता. ते खाली जमिनीवर बसले आणि ठरलेले प्रश्न विचारू लागले. भाव ठरल्याप्रमाणे मिळतो का? मिळते. पुढच्या वर्षासाठी झाडावर बी ठेवता का? ठेवतो. शेवटी त्यांनी आवाज खाली केला.

"आजी, हे लोक तुमच्यावर काही जबरदस्ती करतात का?"

रैनूबाईंनी पानाला चुना लावता लावता आमच्या सगळ्यांकडे एकवार पाहिलं. "हे? यायच्यावर मीच करते."

निनाद सर हसले तेव्हा आम्ही श्वास सोडला. पण ते लगेच गंभीर झाले. म्हणाले, "झाडापासून इथपर्यंत मला सगळं पटलं, आणि खरं सांगतो, असं मी कुठे पाहिलं नाही. पण एक मुद्दा राहतो. तुमच्या गेटपासून आमच्या गेटपर्यंत माल कुणाच्या नजरेखाली असतो? मोठे सप्लायर गाडीला ट्रॅकरचं कुलूप लावतात. पहिला लॉट वाटेत कुठे उघडला नाही, बदलला नाही, याची खात्री मला मिळायला हवी. नाही मिळाली तर मला ऑर्डर थांबवावी लागेल."

तसलं कुलूप आमच्याकडे नव्हतं. आमचा माल सांबय्याच्या ट्रकमधून जातो. सांबय्या सिरोंच्याचा, माणूस सोन्यासारखा, पण त्याच्या ट्रकचं मागचं दार नायलॉनच्या दोरीने बांधलेलं असतं. लाइनवरची मशीनं चालू होती आणि बायका मान वर न करता ऐकत होत्या. मला रडू येईलसं झालं होतं.

रैनूबाईंनी पान तोंडात टाकलं. "म्हंजे इथून पुढं ते एकटीच जाते?"

* * *

पहिला लॉट निघाला त्या सकाळी ट्रकमध्ये पेट्या चढवल्या. सुनंदाबाईंनी पहिल्या पेटीला हळदकुंकू लावलं. सांबय्याच्या शेजारच्या सीटवर रैनूबाई बसल्या होत्या, नवं लुगडं, मांडीवर गाठोडं. त्या त्यासाठी कोसमटोल्याहून आदल्या दिवशीच आल्या होत्या. सांबय्याला अर्धी मराठी येते, रैनूबाईंना तेलुगू अजिबात येत नाही. "अम्मा आहे, फिकर नाई," सांबय्या म्हणाला. ट्रक गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत बायका हात हलवत होत्या, आणि खोटं कशाला बोलू, माझेही डोळे भरले होते.

मग फोनची वाट. काम सगळे करत होते, पण कान भास्करभाऊंच्या टेबलाकडे.

पहिला फोन दुसऱ्या दिवशी दुपारी कंपनीच्या गेटवरून आला. सिक्युरिटीवाला वैतागलेला. "तुमच्या पेटीवर एक आजी बसल्यात. कुणाला हात लावू देत नाहीत. चष्मेवाल्याला बोलवा म्हणतात."

"मंग बोलवा ना त्यायले," भास्करभाऊ म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसरा फोन त्याच संध्याकाळी, निनाद सरांचा. भास्करभाऊंनी तो स्पीकरवर टाकला. सुनंदाबाईंनी हात वर केला तशी अख्खी लाइन थांबली.

"भास्करभाऊ, माल मिळाला. आजी ट्रकमधून वाटेत फक्त पेट्या दिसतील अशाच जागी उतरल्या, असं ड्रायव्हर सांगतोय. ढाब्यावर जेवल्या त्यासुद्धा ट्रकच्या मागच्या दाराशी बसून. सील जसंच्या तसं आहे. शेवटचा मुद्दा मिटला. ऑर्डर पक्की."

कुणी टाळी वाजवली नाही. सुनंदाबाई स्टुलावर बसल्या, पदर तोंडाला लावला आणि रडल्या. मग एकीने दुसरीला मिठी मारली आणि सगळ्या लाइनचा एकच गलका झाला. आमच्या शेवटच्या गल्लीतल्या, पोपडे आलेल्या भिंतीच्या कारखान्याचं काम पक्कं झालं होतं, आणि ते आम्ही काहीही न लपवता मिळवलं होतं. इतका अभिमान मला माझ्या लग्नातही वाटला नव्हता.

"बाई कुठी आहेत?" भास्करभाऊंनी गलक्यातून ओरडून विचारलं. "जेवल्या का?"

"माझ्या आईकडे नेतोय त्यांना. तिथेच जेवतील, झोपतील. उद्या परत पाठवतो."

तिसरा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला. पुन्हा निनाद सरच. आवाज जरा गोंधळलेला.

"भाऊ, तुमचे चार्जर कंदिलांच्या खोक्यात भरले, आणि आमची गाडी ते घेऊन गावागावांत वाटायला निघालीये. आजी तिच्यात चढून बसल्यात. उतरा म्हटलं तर म्हणतात, कोणाच्या घरी जाते ते पाहायचं राहिलं आहे. मी काय करू?"

भास्करभाऊंनी आमच्याकडे पाहिलं, मग फोनकडे.

"काई नका करू," ते म्हणाले. "फक्त सोबत डबा द्या."